मेत्सोवो: खिंडीच्या जिवावर जगलेलं गाव

1941 सालच्या उत्तरार्धात तीन धुरांड्यांची एक जुनी ग्रीक युद्धनौका मुंबईला आली. ग्रीस जर्मनांच्या हातात गेला होता, ग्रीक आरमारातली उरलीसुरली जहाजं इजिप्तकडे निसटली होती. त्यांतल्या या म्हाताऱ्या नौकेला हिंदी महासागरात गस्तीचं आणि व्यापारी ताफ्यांना सोबत करण्याचं काम मिळालं. 1942 च्या अखेरीपर्यंत मुंबई हाच तिचा तळ होता. नाव ‘गेऑर्गिओस आवेरोफ’. ज्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून तिचा बराच खर्च भागला, त्याचंच नाव तिला दिलेलं. हा आवेरोफ जन्मला होता समुद्रापासून दूर, पिंडोस पर्वताच्या ऐन पोटात, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेल्या मेत्सोवो नावाच्या गावात.

मेत्सोवोची आजची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावातल्या माणसांनी अथेन्सला काय काय दिलं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी संगमरवरात पुन्हा उभं राहिलेलं स्टेडियम, देशातलं सर्वांत जुनं तंत्रशिक्षण विद्यापीठ आणि राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाची जागा, या साऱ्यांमागे याच गावातली घराणी. पण मला त्याहून मोठा वाटतो तो दुसराच प्रश्न. एवढं सगळं बाहेर देऊन झाल्यावर हे गाव स्वतः कसं टिकलं? दुसऱ्या महायुद्धानंतर आणि त्यापाठोपाठच्या यादवीनंतर पिंडोसमधली कितीतरी गावं ओस पडली. काहींमध्ये आता फक्त उन्हाळ्यात कुलपं उघडतात. मेत्सोवोत शाळा भरते, दूध गोळा होतं, चुली पेटतात. ते कशामुळे, हे समजून घ्यायचं तर आधी गावाची जागा नीट पाहावी लागेल.

डोंगराचं जू

पिंडोस म्हणजे ग्रीसच्या मुख्य भूमीचा कणा. उत्तर-दक्षिण पसरलेल्या या रांगेनं पश्चिमेचा इपिरस पूर्वेच्या थेसली आणि मॅसिडोनियापासून तोडलेला आहे. रांग ओलांडता येईल अशा जागा फार थोड्या आणि त्यांतली सर्वांत मोक्याची जागा मेत्सोवोच्या डोक्यावर. जुन्या खेचरवाटेची खिंड झिगोस नावाने ओळखली जाते. पुढे मोटाररस्ता झाला तो कतारा खिंडीतून, सुमारे 1,700 मीटर उंचीवरून. झिगोस म्हणजे जू. संस्कृतातला ‘युग’, आपलं ‘जू’ आणि हा ‘झिगोस’ ही एकाच मुळाची भावंडं आहेत. दोन बैलांच्या मानेवर जू बसावं तशी ही खिंड दोन प्रदेशांच्या मानेवर बसली आहे. कतारा म्हणजे मात्र शाप. हिवाळ्यात त्या वळणांवरून गाडी किंवा जनावर नेणाऱ्यांना हा शब्द कुणी समजावून द्यावा लागला नसेल.

मेत्सोवोच्या आसपासच्या डोंगरांत पाच नद्यांचं पाणी फुटतं. आओस वायव्येला वळून अल्बानियात शिरते आणि एड्रिएटिक समुद्राला मिळते. आराख्थोस आणि आखेलोओस दक्षिणेकडे उतरून आयोनियन समुद्राकडे जातात. पिनिओस थेसलीचं मैदान भिजवत पूर्वेला एजियन गाठते. व्हेनेतिकोस आलियाकमोनला मिळते आणि ते पाणीही शेवटी एजियनमध्येच जातं. एका गावाच्या परिघातून तीन समुद्रांकडे पाणी वाहतं याचा सरळ अर्थ असा, की त्या नद्यांची खोरी धरून वर चढणारी प्रत्येक वाट कुठेतरी इथे येऊन भेटते. पाण्यानं उतरायच्या वाटा कोरल्या, माणसांनी त्याच चढायला वापरल्या.

माणसानं नंतर या पाण्यातही हात घातला. गावाच्या वरच्या पठारावर आओसच्या उगमाजवळ धरण बांधून तिचं पाणी अडवलं गेलं. तिथे आता कृत्रिम तलाव आहे, भोवती पाईनची झाडं. हे पाणी डोंगर फोडून आराख्थोसच्या खोऱ्यात सोडतात आणि त्या उतारावर 210 मेगावॅटचं वीजघर चालतं. एड्रिएटिककडे निघालेल्या पाण्यातला काही भाग त्यामुळे आयोनियनकडे वळला.

गाव उतारावर आहे, दक्षिणेकडे तोंड करून. जुन्या वस्तीचे दोन भाग होते आणि त्यांची नावं सूर्यावरून पडली: प्रोसिलिओ, म्हणजे उन्हाच्या अंगाचं, आणि दरीपलीकडचं आनिलिओ, म्हणजे बिनउन्हाचं. आनिलिओ आज वेगळं गाव आहे. दोन्हींच्या मध्ये मेत्सोवितिकोस नदीची खोल दरी. डोंगरात एकाच दरीच्या दोन अंगांवर दोन हवामानं नांदतात आणि बर्फ वितळण्याच्या दिवसांत तो फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. या नावांत मला गावाची सगळी समज दिसते. ज्यांनी ती ठेवली त्यांना घर बांधताना सर्वांत आधी काय पाहायचं हे ठाऊक होतं.

पायाखालची जमीन मात्र भरवशाची नाही. वाळूचा दगड आणि मऊ, चिकणमातीचा खडक यांचे एकाआड एक थर इथे आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला फ्लिश म्हणतात. पाणी मुरलं की असे थर एकमेकांवरून सरकतात. दरडी कोसळणं, रस्ता खचणं हे इथलं नेहमीचं दुखणं आहे. पुढे महामार्गाच्या वेळी याच खडकानं अभियंत्यांना जेरीस आणलं.

राखणदारीचा मोबदला

उस्मानी साम्राज्यात खिंडींची राखण करणाऱ्या गावांची रीतसर व्यवस्था होती. गावानं वाट सुरक्षित ठेवायची, चोरट्यांचा बंदोबस्त करायचा, बर्फात अडकलेल्याला बाहेर काढायचं, आणि त्या बदल्यात सरकारनं करात सूट द्यायची. मेत्सोवो अशांपैकी एक. पंधराव्या शतकात इथे उस्मानी सत्ता आली तेव्हापासून गावाला या ना त्या स्वरूपाच्या सवलती मिळत गेल्या. 1659 मध्ये त्या फार वाढल्या. कर कमी झाले आणि गावचा कारभार बराचसा गावाच्याच हाती आला.

याबद्दल एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सुलतानाची मर्जी गेलेला एक वजीर जीव वाचवत डोंगरात आला. कीरिआकोस फ्लोकास नावाच्या मेत्सोवोकराने त्याला ओळख न विचारता घरात आसरा दिला. दिवस पालटले, वजीर पुन्हा पदावर बसला आणि त्याने फ्लोकासला बोलावून ‘काय हवं ते माग’ म्हटलं. फ्लोकासनं स्वतःसाठी काही न मागता गावासाठी सवलती मागितल्या. ही दंतकथा म्हणून ऐकावी. पण गावाला स्वतःविषयी काय सांगावंसं वाटतं ते तीतून कळतं: वाटसरूला दार उघडलं, म्हणून भाग्य उघडलं. खिंडीवर जगणाऱ्या गावाला याहून नेमकी मूळकथा सुचली नसती.

सवलतींमुळे आसपासची माणसं इथे येऊन राहू लागली. गाव बाजारपेठ झालं. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस अली पाशानं, इपिरसमधल्या यानिना शहरातून कारभार करणाऱ्या उस्मानी सुभेदारानं, त्या सवलती मोडून काढल्या. पण तोवर मेत्सोवोकरांना तांड्यांचा आणि व्यापाराचा सराव झाला होता आणि बाहेरच्या जगाची ओळखही पटली होती.

हे लोक व्लाख. ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्माचे, पण घरात बोलायची भाषा ग्रीक नव्हे. ती लॅटिनमधून आलेली, रुमेनियनच्या जवळची आरोमानियन. पाण्याला ‘आपा’, चीजला ‘काश’. स्वतःच्या गावाला ते ‘आमिंचु’ म्हणतात. पिंडोसमधल्या बहुतेक व्लाखांचे धंदे दोन: मेंढरं आणि खेचरं. एप्रिलच्या अखेरीस, संत जॉर्जच्या सणाच्या सुमारास, मेंढरांचे कळप थेसलीच्या मैदानातून डोंगरात चढायचे. ऑक्टोबरच्या अखेरीस, संत दिमित्रिओसच्या सणाला, पुन्हा खाली उतरायचे. कळपामागे घोंगड्या, कढया, कोंबड्या, लेकरं, म्हातारी माणसं असं अख्खं बिऱ्हाड चालायचं. दुसरीकडे खेचरांचे तांडे हाकणारे कीराजी माल घेऊन बाल्कनभर फिरायचे. लोकर, कातडी, चीज, लाकडी पिंपं खाली जायची. मीठ, धान्य, कापड वर यायचं. मेंढपाळाला ऋतूंची वाट ठाऊक आणि तांडेवाल्याला बाजारांची. एकाच घरात हे दोन्ही भाऊ असले की त्या घराचं जग किती मोठं होतं याचा अंदाज येतो.

मग 1881 साल उजाडलं. थेसली ग्रीस देशात गेली आणि मेत्सोवो उस्मानी राज्यातच राहिलं. सरहद्द गावाच्या जवळून, डोंगरमाथ्यावरून गेली. उन्हाळ्याची कुरणं एका देशात, हिवाळ्याची दुसऱ्या देशात. शतकानुशतकांच्या वाटेवर जकातनाकं आणि पहारे उभे राहिले. 1912 मध्ये बाल्कन युद्धात मेत्सोवो ग्रीसला मिळालं तेव्हा ही सरहद्द पुसली गेली. पण दहा-बारा वर्षांतच दुसरा घाव बसला. 1922 नंतर आशिया मायनरमधून आलेल्या लाखो निर्वासितांना वसवायचं होतं, जमीनसुधारणा झाल्या, आणि थेसलीतली मोठी मोकळी वतनं शेतांमध्ये वाटली गेली. निर्वासितांची गरज खरी होती, त्यात शंकाच नाही. मेंढपाळांची हिवाळी कुरणं मात्र नांगराखाली गेली. मेत्सोवोच्या ऱ्हासाची ही खरी सुरुवात मी धरतो. युद्धं, जाळपोळ यांतून गाव पुन्हा उभं राहत आलं होतं. 1854 च्या उठावातही ते लुटलं आणि जाळलं गेलं होतं. पण वाट आणि कुरण हे दोन पायच गेले तर उभं राहायचं कशावर?

अलेक्झांड्रियाचे मेत्सोवोकर

गावाबाहेर पडलेल्यांची कथा ग्रीसमध्ये शाळेतली मुलंही सांगतील, म्हणून ती आटोपती घेतो.

मिखाइल तोसित्सास (1787–1856) घरच्या धंद्यासाठी थेसालोनिकीला गेला. पुढे इजिप्तचा सत्ताधीश झालेल्या मुहम्मद अलीशी त्याची दोस्ती जुळली आणि तो अलेक्झांड्रियात मोठा व्यापारी झाला. नव्या ग्रीक राज्याचा इजिप्तमधला पहिला कॉन्सुल जनरलही तोच. त्याच्याच नात्यातल्या निकोलाओस स्तुर्नारासनं तंत्रशिक्षणाच्या संस्थेसाठी पैसा ठेवला. तोसित्सासच्या मागे त्याची पत्नी एलेनी हिनं अथेन्समधली मोठी जागा दिली. तिच्यावर आज पॉलिटेक्निकची जुनी इमारत आणि राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय शेजारी शेजारी उभी आहेत. आणि गेऑर्गिओस आवेरोफ (1815–1899) तरुणपणी भावाकडे इजिप्तला गेला, व्यापारात अफाट श्रीमंत झाला, आणि नऊ लाखांहून अधिक द्राख्मा खर्चून त्याने पानाथिनाइको स्टेडियम संगमरवरात बांधून दिलं. स्टेडियमच्या बाहेर त्याचा पुतळा आहे.

त्या विद्यापीठाचं अधिकृत नावच ‘राष्ट्रीय मेत्सोवियो पॉलिटेक्निक’. त्याच्या भोवतालच्या रस्त्यांची नावं स्तुर्नारी, तोसित्सा आणि आवेरोफ. 17 नोव्हेंबर 1973 च्या पहाटे लष्करशाहीविरुद्ध बसलेल्या विद्यार्थ्यांवर रणगाडा घालून जे फाटक मोडलं गेलं, ते याच संस्थेचं. आजही त्या दिवशी अथेन्समध्ये मोर्चा निघतो आणि त्या आठवणीत एका डोंगरी गावाचं नाव दरवर्षी उच्चारलं जातं.

गावासाठीही या लोकांनी ठेवलं: शाळा, दवाखाना, गरिबांना मदत. आवेरोफच्या पैशातून झालेली बाग गावाच्या टोकाला अजून आहे, तिच्यात पिंडोसची झाडं लावलेली आहेत. या सर्व दानांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तरी प्रकरणाचा अभ्यास म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. हा पैसा येत होता बाहेरून आणि खर्च होत होता पुण्यकार्यात. तो गावात काही पिकवत नव्हता. अलेक्झांड्रियाची पेढी चालू होती तोवर मनिऑर्डर येत होती. पेढ्या बंद झाल्या, इजिप्तमधले ग्रीक पांगले, तशी ती आटत गेली. पुतळा अथेन्सला आणि पोरं कामाच्या शोधात अथेन्सला, अशी गावाची गत झाली.

खिंडीसाठी युद्ध

28 ऑक्टोबर 1940 ला इटलीनं अल्बानियातून ग्रीसवर चाल केली तेव्हा ‘ज्युलिया’ या डोंगरी लढाईत तरबेज डिव्हिजनला नेमून दिलेलं ठिकाण होतं मेत्सोवो. तिथली खिंड घेतली की इपिरसमधलं ग्रीक सैन्य बाकीच्या देशापासून तुटणार होतं. समोर कर्नल कोन्स्तान्तिनोस दावाकिस यांची तोकडी तुकडी. पावसात, चिखलात, बर्फात ज्युलियाचे सैनिक व्होव्हुसापर्यंत पोचले. तिथून मेत्सोवो तीसेक किलोमीटर. ते अंतर त्यांना कधीच कापता आलं नाही. बाजूच्या डोंगरांवरून ग्रीक फौजा पुढे सरकल्या, रसद तुटली, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत डिव्हिजन मोडून मागे फिरली. पिंडोसच्या गावांमधल्या बायकांनी या दिवसांत दारूगोळ्याची खोकी पाठीवर बांधून उभ्या कड्यांवर नेली. खेचरंही चढत नव्हती तिथे त्या चढल्या.

पुढच्या वसंतात जर्मन आले, पूर्वेकडून. एप्रिल 1941 मध्ये त्यांनी मेत्सोवोची खिंड घेतली आणि इटालियनांना सहा महिने थोपवून धरलेल्या इपिरसच्या ग्रीक सैन्याची पाठ उघडी पडली. 20 एप्रिलला जनरल त्सोलाकोग्लू यांनी शरणागती दिली ती मेत्सोवोच्या पायथ्याजवळच्या व्होतोनोसी गावात. त्याच आठवड्यात, नौका बुडवून टाकण्याचा हुकूम धुडकावून, ‘आवेरोफ’च्या खलाशांनी तिला सलामिसच्या आखातातून बाहेर काढलं आणि अलेक्झांड्रियाच्या दिशेने नेलं. गाव शत्रूच्या हाती जात होतं तेव्हा गावच्या माणसाचं नाव घेतलेली नौका त्याच शहराकडे निघाली होती, जिथे त्या माणसानं नशीब काढलं होतं. तिथून पुढे मुंबई. ऑक्टोबर 1944 मध्ये ग्रीसचं परागंदा सरकार याच नौकेतून मायदेशी परतलं. आज ती अथेन्सजवळ पालेओ फालिरोच्या धक्क्याला संग्रहालय म्हणून उभी आहे.

युद्ध संपलं आणि यादवी पेटली. 1947 च्या शरद ऋतूत कम्युनिस्ट बंडखोरांच्या सैन्यानं मेत्सोवोवर मोठा हल्ला केला. कारण तेच: खिंड. गाव पडलं नाही, पण भोवतालचा मुलूख रिकामा होत चालला होता.

लोझानचा बॅरन आणि धुरातलं चीज

या प्रकरणाचं वळण त्याच 1947 साली आहे.

इव्हांगेलोस आवेरोफ हा मेत्सोवोच्या आवेरोफ घराण्यातला तरुण राजकारणी. पुढे तो ग्रीसचा परराष्ट्रमंत्री आणि नंतर संरक्षणमंत्री झाला. तोसित्सास घराण्याचा शेवटचा वारस, बॅरन मिखाइल तोसित्सास, स्वित्झर्लंडमध्ये लोझानला राहत होता, निपुत्रिक. इव्हांगेलोसनं त्याला शोधलं, पत्रं लिहिली, गावाची अवस्था सांगितली. त्यातून बॅरनच्या संपत्तीवर 1947 मध्ये ‘बॅरन मिखाइल तोसित्सास प्रतिष्ठान’ स्थापन झालं. बॅरनने इव्हांगेलोसला दत्तक घेतलं, आणि तेव्हापासून तो आवेरोफ-तोसित्सास झाला. दोन दानशूर घराणी अशी एका नावात आली.

फरक पडला तो पैसा कसा वापरला त्यानं. दान वाटण्याऐवजी गावात हाताला काम निर्माण करायचं हे धोरण ठरलं. लाकूड होतं, म्हणून लाकूड कापायची गिरणी. बायकांच्या हातात माग होते, म्हणून विणकामाला वाव. बर्फ होतं, म्हणून पुढे स्कीचं केंद्र. पडझड झालेला तोसित्सास वाडा 1950 च्या दशकात पुन्हा उभा केला आणि तिथे लोककलेचं संग्रहालय केलं. खाली जनावरांची आणि सामानाची जागा, वर चूल आणि तिच्या दोन्ही अंगांना लाकडी बैठे ओटे, त्यांवर जाड लोकरी विणकाम अंथरलेलं. त्या ओट्यांवर माणसं बसायची, जेवायची आणि झोपायचीही. बर्फाच्या महिन्यांत घरातलं सगळं आयुष्य त्या एका चुलीभोवती गोळा व्हायचं, आणि ते तिथे उभं राहिलं की कळतं असं पाहणारे सांगतात.

आणि दूध होतं. 1958 मध्ये चीजचा कारखाना सुरू झाला. त्यासाठी गावातल्या पोरांना इटलीला शिकायला पाठवलं गेलं. ज्या देशाची डोंगरी डिव्हिजन अठरा वर्षांपूर्वी हे गाव घ्यायला निघाली होती, त्याच देशात मेत्सोवोची पोरं दही-चक्क्यावर हात बसवायला गेली. या निर्णयामागच्या मनाच्या मोठेपणाकडे माझं पुन्हा पुन्हा लक्ष जातं.

तिथून आलेल्या विद्येतून ‘मेत्सोवोने’ झालं. दूध मुख्यतः गाईचं, त्यात थोडं मेंढीचं किंवा शेळीचं. ते विरजून, घट्ट झालेलं चक्क्यासारखं दही कापून पाणी निथळू देतात आणि आंबायला ठेवतात. पुरेसं आंबलं की त्याचे तुकडे गरम पाण्यात टाकतात. इथे हाताची कसोटी लागते: तो गोळा मऊ होऊन ताणायला लागतो, पिठाच्या कणकेसारखा मळला आणि ओढला की त्याला धागे सुटतात आणि तुळतुळीत चकाकी येते. कमी आंबलं असेल तर तो तुटतो, जास्त झालं तर विरघळतो. मग लांबट दंडगोल आकार देऊन मिठाच्या पाण्यात ठेवतात, दोरीनं करकचून बांधतात आणि उंच टांगतात. दोरीच्या खाचा चीजच्या अंगावर कायमच्या उमटतात. निदान तीन महिने मुरल्यावर त्याला गवत आणि झाडपाल्याचा धूर देतात. साल तपकिरी होते, आतला गर फिकट पिवळा राहतो, आणि चव खारट, जराशी तिखट, मागून धुराची. 1996 पासून युरोपीय संघानं या नावाला संरक्षण दिलेलं आहे. आता हे नाव लावायचं तर चीज मेत्सोवोच्याच परिसरात बनलेलं असावं लागतं.

गोष्ट चीजची असली तरी तिचा परिणाम गाय राखणाऱ्यावर होतो. कारखाना दूध घेतो म्हणून गाय राहते, गाय राहते म्हणून गवताचा उतार राहतो, आणि एक कुटुंब अथेन्सची बस पकडत नाही. अथेन्समधल्या संगमरवराशी या कारखान्याची तुलना करताना मी कचरत नाही. मेत्सोवोसाठी या कारखान्याचं मोल जास्त आहे.

द्राक्षांचंही तसंच. इव्हांगेलोसनं गावाखालच्या उतारावर फ्रान्सची कॅबर्ने सोव्हिन्यो ही जात लावली. ग्रीसमध्ये ती लावणारा तोच पहिला मानला जातो. एवढ्या उंचीवर, बर्फाच्या मुलखात द्राक्ष टिकेल यावर त्या वेळी फार जणांचा विश्वास बसला नसता. आज ‘कातोगी’ या नावानं तिथली वाईन विकली जाते. कातोगी म्हणजे घराखालचं तळघर. 1988 मध्ये गावात आधुनिक ग्रीक चित्रांचं मोठं दालनही उघडलं गेलं.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं मान्य करायला हवी. या सगळ्यात एका माणसाचं वजन फार होतं. तो मंत्री होता, त्याचा शब्द अथेन्समध्ये चालत होता, त्याच्याकडे घराण्याचं नाव आणि बॅरनचा पैसा होता. पिंडोसमधल्या इतर गावांकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून मेत्सोवोचा नमुना उचलून दुसऱ्या गावाला चिकटवता येईल असं मी म्हणणार नाही. उचलण्यासारखं आहे ते कामाचं सूत्र: जे गावात आधीच आहे, दूध, लाकूड, माग, बर्फ, त्यालाच शिक्षण आणि बाजार जोडायचा.

बोगदा

इगुमेनित्साच्या बंदरापासून तुर्कस्तानच्या सीमेपर्यंत ग्रीसच्या उत्तर भागातून जाणारा एग्नातिया महामार्ग 670 किलोमीटरचा आहे. सर्वांत अवघड टप्पा मेत्सोवोजवळचा होता, त्या सरकत्या फ्लिशमुळे. साडेतीन किलोमीटर लांबीचा बोगदा आणि मेत्सोवितिकोसच्या दरीवरचा उंच पूल झाल्यावर 2009 मध्ये महामार्ग अखंड सुरू झाला. यानिनाहून मेत्सोवोला आता पाऊण तासात पोचता येतं.

शतकानुशतकं ज्या कारणासाठी हे गाव होतं, ते कारण त्या दिवशी संपलं. खिंड ओलांडायला आता कुणाला मेत्सोवोत मुक्काम करावा लागत नाही. ट्रक डोंगराच्या पोटातून निघून जातात. कताराच्या वळणांवरून साखळ्या बांधून जायची गरज उरली नाही. पण ज्याला गावातच यायचं आहे, त्याची वाट सोपी झाली. शनिवार-रविवारी यानिना आणि थेसालोनिकीहून गाड्या भरून माणसं येतात, चौकातल्या चिनाराच्या झाडांखाली बसतात, दुकानात टांगलेली मेत्सोवोने विकत घेतात, परतात. टांगलेल्या मालात काही फक्त प्रवाशांसाठी केलेला असतो, हेही खरं. पण 2009 च्या आधी गावानं स्वतःचा माल तयार केला नसता तर बोगद्यानंतर इथे थांबायला काय कारण राहिलं असतं? 1958 च्या कारखान्याची खरी परीक्षा पन्नास वर्षांनी झाली आणि तो तिला उतरला.

पॉलिटेक्निकनंही गावाशी नातं पुन्हा जोडलं. 1993 मध्ये त्यानं डोंगरी प्रदेशांच्या विकासाचा अभ्यास करणारं केंद्र मेत्सोवोत काढलं. अथेन्सला गेलेलं नाव थोडंसं का होईना परत आलं.

गावाच्या उत्तरेला एक अभयारण्य आहे. 1966 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पाईन आणि बीचचं दाट रान, त्यात तपकिरी अस्वलं. नकाशावर त्याचं नाव वालिया काल्दा, म्हणजे आरोमानियनमध्ये ऊबदार दरी. ही भाषा अशी नकाशावर सुरक्षित आहे. माणसांच्या तोंडी ती तेवढी सुरक्षित नाही. प्रतिष्ठानानं वाडा वाचवला, माग वाचवले, चीज घडवलं. भाषेसाठी शाळेत जागा झाली नाही. राष्ट्रीयत्वाच्या वादांत ती भाषा विसाव्या शतकात फार वाईट अडकली होती. कधी रुमेनियानं, कधी इटलीच्या कब्जा-सैन्यानं तिचा राजकारणासाठी वापर केला. त्यामुळे ती शिकवा म्हणणाऱ्याकडे संशयानं पाहिलं जाई, आणि घरंही हळूहळू गप्प झाली. इतर व्लाख गावांच्या मानानं मेत्सोवोत ती अजून जास्त ऐकू येते, चौकातल्या बाकांवर, म्हाताऱ्यांच्या तोंडी. पाणी मागताना आजी ‘आपा’ म्हणते, आणि ते आणून देणारा नातू ग्रीकमध्ये ‘नेरो’ म्हणतो.